चौकोनी खड्डा

पाटसला हमरस्त्यालगत ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. तो बोलताना माणसाकडे पाहत नाही, इंजिनाकडे पाहतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर पान्ह्याने एकदा ठोकतो. माणूस चंद्रावर उतरला, हे त्याला मान्य नाही.

"मास्तर, एवढं मोठं यान जाळ मारत खाली आलं, मग फोटूत खड्डा कुठं हाय?" ठक्.

विज्ञान शिकवण्यात माझी हयात गेली. उतरताना इंजिन मंद केलेले असते, वरची धूळ उडून जाते आणि खालची जमीन घट्ट असते, हे मी त्याला तीनदा सांगितले. अखेर त्याच्या दारातल्या जमिनीकडे बोट दाखवले.

"इथेच तुम्ही रोज कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर साफ करता. धूळ उडते. खड्डा कुठे आहे?"

दुरुस्तीसाठी थांबलेले उसाच्या ट्रॅक्टरांचे चालक खदखदून हसले. "आता बोला की मिस्त्री!" त्याचा शब्द खाली पडलेला तिथे कोणी पाहिला नव्हता. पान्हा प्रथमच थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तेव्हा तेच चालक दाराशी जमले होते आणि मधोमध हातभर खोल खड्डा होता.

"हवेनं पडला, मास्तर. पडला का न्हाई?" या वेळी तो माझ्याकडे पाहत होता.

खड्डा चौकोनी होता. दाराआड ताज्या मातीने माखलेली कुदळ होती. परीक्षेत कॉपी करणाऱ्या एकाही मुलाला मी कधी सोडलेले नाही.

"पडला खरा," मी म्हणालो.

ठक्.