धाकटी स्टेज सोडून गेली

दादाचं सोफे शिवायचं दुकान आहे. आठवीनंतर दादाने शाळा सोडली की शाळेने दादाला, यावर घरात दोन मतं आहेत. पण दादाने भरलेल्या सोफ्यावर बसलेला पाहुणा उठायचं नाव घेत नाही, यावर एकच मत आहे, आणि ते दादाचं आहे.

दादाची धाकटी बहीण बँडमध्ये गाते. बँड ‘इंडी’ आहे. म्हणजे काय रे, असं शेजारच्या पडदेवाल्याने विचारलं, तेव्हा दादाने हातातली सुई न थांबवता सांगितलं, की वर कोणी मालक नाही, आपलं आपण; माझ्या दुकानासारखं. म्हणजे बेताचंच चाललंय म्हण की, असं पडदेवाला म्हणाला. त्या दिवशी दादाने त्याला चहा विचारला नाही.

एवढं कौतुक, पण धाकटीने दादाला कार्यक्रमाला कधी बोलावलं नव्हतं. एकदाच तो तिच्या कॉलेजात गेला होता. टाळ्या कमी पडल्या म्हणून उठून पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांना, हात दुखतात का, असं विचारून आला होता. आता इतक्या वर्षांनी ती स्वतःहून दुकानात आली, अर्धवट भरलेल्या सोफ्यावर टेकली, तुझ्या मशीनवर गाणं केलंय, कार्यक्रमाला ये, असं म्हणाली आणि तिने दादाला सगळं समजावलं. तिथे खुर्च्या नसतात, लोक उभे राहतात. शिट्टी मारायची नाही, वन्स मोअर म्हणायचं नाही. शब्द कळले नाहीत तर शेजारच्याला विचारायचं नाही, त्यालाही कळलेले नसतात.

“आणि तोंड उघडायचं नाही, दादा. एक शब्द बोललास तर हे तुझं शेवटचं.”

“मी कुठे बोलतो कधी?” दादा म्हणाला.

आतल्या खोलीत वहिनी हसली, ते दोघांनाही ऐकू आलं.

धाकटी एक गोष्ट मात्र सांगायची विसरली. तिच्या लेखी ती इतकी साधी होती, की सांगायची असते हेच तिला सुचलं नाही.

कार्यक्रम एका जुन्या गोदामात होता. दादा वहिनीला घेऊन गेला, आणि पडदेवाल्यालाही, कारण माझ्या शिलाई मशीनवर बहिणीने गाणं केलंय, हे त्याला ऐकवायचं होतं. सगळी मंडळी विटके, उसवलेले कपडे घालून आली होती, आणि दाराशी तसलेच नवे विकायला ठेवले होते. मध्येच स्टेजवर धूर आला. काहीतरी करपतंय, असं वहिनी म्हणाली. दादाने ओठांवर बोट ठेवलं.

धाकटी गायली. गिटारवाला पायाखालची बटणं दाबत होता आणि पूर्ण वेळ बुटांकडेच बघत होता, जणू नजर हलली तर बूट कोणी नेईल. ढोलवाल्याने हळूच सांगितलं, की हे गाणं आम्ही एका सोमवारी केलं. लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या. दादाला विचारायचं होतं की मग मंगळवारी काय बिघडलं असतं, पण तो गप्प राहिला. पडदेवाला कानाशी येऊन म्हणाला, गाते आहे की गुपित सांगते आहे? दादा तरीही गप्प. दादाचा चेहरा लाल झाला होता, पण शब्द फुटला नाही. अख्ख्या आयुष्यात तो एवढा वेळ गप्प बसला नव्हता, आणि इथे तर बसायलाही नव्हतं.

मशीनचं गाणं काही येईना. आणि अचानक धाकटी म्हणाली, “थँक्यू, येतो आम्ही.” माइक ठेवला आणि बँडमधले चौघंही आत निघून गेले. स्टेजवरचे दिवे मालवले. लोकांनी आळसावून टाळ्या वाजवल्या. काही जण फोन बघू लागले. जायला मात्र कोणी निघेना.

दादाला वाटलं, रुसली. पोरगी रुसून गेली, आणि ह्यांना त्याचं काहीच नाही. शेवटचं तर शेवटचं, असं म्हणून तो स्टेजवर चढला. वहिनीने शर्ट धरला होता, तो सुटला.

“काय रे, फोन कसले बघताय?” दादा माइकमध्ये म्हणाला. “माझ्या मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून चढवून गळा तयार झालाय तिचा. आणि ती चालली तर तुम्ही जाऊ देता? मी समजूत काढून आणतो. तोपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही.”

कोणी हललं नाही. मग सगळं गोदाम ओरडायला लागलं. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि आजचा सगळ्यात चांगला.

आत चौघं पाणी पीत उभे होते.

“दादा, आम्ही परत जाणारच होतो,” धाकटी म्हणाली. “असंच असतं. जायचं, लोकांनी बोलवायचं, मग यायचं.”

“परत यायचं होतं तर गेलीस कशाला?”

धाकटीने गिटारवाल्याकडे बघितलं. गिटारवाल्याने बुटांकडे.

ते बाहेर आले आणि मशीनचं गाणं झालं. त्याचे शब्द नीट कळले: शेजारच्या खोलीत मशीन चालते आणि मला वर्षानुवर्षं झोप नाही. वहिनी आणि पडदेवाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दादाच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसण्याचं नव्हतं. छाती मात्र फुगली होती.

पुढच्या आठवड्यात धाकटी दुकानात आली. दादा मान खाली घालून कापड कातरत राहिला. ‘शेवटचं’ हा शब्द त्याला रोज आठवत होता.

“पुढच्या महिन्यात तिथेच आहे. ये,” ती म्हणाली. “आम्ही मधेच जायचं बंद केलंय. शेवटचं गाणं सलगच म्हणणार. तू समोर असताना आत जाणं आम्हाला परवडत नाही.”

ती जाताच दादा पडदेवाल्याकडे गेला आणि म्हणाला, की बँडला मी शिस्त लावली. पडदेवाल्याने विचारलं, आणि खुर्च्यांचं काय?

गोदामाची मापं घेऊन आलोय, असं दादा म्हणाला.