बावखलातली 'कमळं'

नव्वदच्या दशकात आमच्या वाडीच्या बावखलाला, म्हणजे बागायतीच्या तळ्याला लागून एक बिल्डिंग झाली. तिच्या सेक्रेटरीने शोभेसाठी जांभळ्या फुलांची जलपर्णी आणून पाण्यात सोडली आणि काठावर पाटी ठोकली: 'कमळे तोडू नयेत. हुकुमावरून.'

कमळं म्हणे! कमळाचं मूळ चिखलात असतं, हिचं अधांतरी. ही बया मूळची ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. असल्याच हौशी दीडशहाण्यांनी फुलाला भुलून तिला देशोदेशी नेली आणि ती जाईल तिथलं पाणी गिळत सुटली.

आमचंही बावखल तिने गिळलं. डास झाले, तेव्हा हेच महाशय आमच्यावर खेकसले, "तुमच्या गावची घाण, तुम्हीच काढा."

आम्ही काढली. त्यांच्याच गेटसमोर कुजका ढीग रचला आणि वर त्यांचीच पाटी रोवली.