शीतयंत्र आणि कडब्याची गंजी

दिगंबरराव गेल्याचा निरोप तलवाड्याहून महिन्यापूर्वी एका सकाळी आला. मी चहा खाली ठेवला. दूध संस्थेचे ते अध्यक्ष, मी सचिव. आमचा स्नेह कामातूनच वाढला.

मला आठवते ते दुष्काळाचे साल. उत्पादकांना दर शनिवारी वाटायचे पैसे संस्थेच्या खात्यात होते आणि नेमके तेव्हाच दूध थंड ठेवणारे एक शीतयंत्र स्वस्तात मिळत होते. मी म्हणालो, "यंत्र ही भांडवली गुंतवणूक. तिचा पैसा काही वर्षांनी सुटतो. खात्यातले पैसे हे खेळते भांडवल आहे, ते आठवड्याला फिरलेच पाहिजे." ते हसले. "अण्णा, तुमी लई भित्रे. खरेदीदाराचं बिल येतंयच की परवा." यंत्र आले. दुधाच्या बिलाचे पैसे आले नाहीत...

शनिवारी संस्थेच्या अंगणात माणसे जमली. दुधाच्या या पैशांतूनच घरोघरी वैरण येई. एक शनिवार चुकला, तर जनावर बाजारात मातीमोल जाणार. कोणी ओरडत नव्हते, याचीच मला अधिक भीती वाटली. अखेर पारूबाई नावाची उत्पादक पुढे आली. "का वो गप हाय, चेअरमनसाहेब? म्हशीला काय मशीन चारू?" कोणीतरी हसले. ते हसणे आजही अंगावर काटा आणते. दिगंबरराव पायरी उतरून खाली आले. ते एवढेच म्हणाले, "पैसा न्हाई. माजी गंजी हाय. चला."

वर्षाच्या बेगमीचा कडबा त्यांनी पेंढी पेंढी वाटून टाकला. स्वतःची जनावरे चारा छावणीत बांधली. एवढ्या मोठ्या जमीनदाराची जनावरे छावणीत, ही नामुष्की होती. पुढे ते रोज माझ्यासमोर येऊन बसत. बिलाचे विचारण्याचे धैर्य त्यांना होत नसे. गंजी तळाला गेली, तेव्हा बिल आले. म्हशी वाचल्या. दिगंबररावांची भीती मात्र गेली नाही.

त्यानंतर खरेदीचा कोणताही ठराव आला, की सहीपूर्वी ते बाहेर जात आणि कॅन घेऊन उभ्या असलेल्यांना विचारत, "घरी वैरण किती दिसांची हाय?" मगच पेन उघडत.

अध्यक्षाची जागा रिकामी असल्याने गेल्या आठवड्यात नव्या यंत्राचा ठराव सहीसाठी माझ्यापुढे आला. मी टोपण काढले, पुन्हा लावले आणि उठलो. यंदाही पावसाने ओढ दिली आहे. बाहेर कॅन घेऊन तिघे उभे होते. उत्तराची धास्ती होती... तरी विचारले, "घरी वैरण किती दिवसांची आहे?" तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि एकाने दोन बोटे वर केली.

ठराव मी सहीविना परत पाठवला.