पर्वतीवरची भांडणं

लग्न होऊन मी सदाशिव पेठेत आले तेव्हा घर दोन खोल्यांचं आणि माणसं सहा. त्यात नवऱ्याशी मनासारखं भांडायचं कुठे? आवाज जरा चढला की आतून सासूबाईंचा खोकला. मग आम्ही तोडगा काढला. दिवसभराचं भांडण राखून ठेवायचं आणि सकाळी पर्वती चढताना काढायचं. वर पोचेपर्यंत दम लागून दोघंही गप्प व्हायचो, आणि उतरल्यावर दूध घेऊन घरी. पुढे फ्लॅट झाला, लेक लग्न होऊन बंगळुरूला गेली, घरात भांडायला मुबलक जागा झाली. तरी आमची भांडणं पर्वतीवरच. घरात त्यांना रंगच चढायचा नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी माझं अंग दुखायला लागलं. अंग म्हणजे सगळं अंग! आज खांदे, उद्या मांड्या, परवा ब्लाउजची बाही लागते म्हणून रडू. रात्रभर झोपून उठावं तर पायलीभर दळल्यासारखी दमलेली. बोलता बोलता साधा शब्द आठवायचा नाही, तो ताप वेगळाच. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, सगळं नॉर्मल. जो तो म्हणायचा, "दिसतेस तर छान!" अस्सा राग यायचा! नणंदेने तर कशात तरी मन रमवायचा सल्ला दिला. पर्वती बंद झाली.

पण मला खरी धास्ती दुखण्याची नव्हती. आमचे हे गोड बोलायला लागले होते. "तू म्हणशील तसं." "राहू दे, मी करतो." भाजी खारट झाली तरी "छान झालीये." ज्या माणसाने जन्मात माझ्या भाजीला 'बरी'च्या वर नेलं नाही, तो हा! मी बायको राहिले नव्हते, पेशंट झाले होते. वाटायचं, आता हा माणूस माझ्याशी कधीच भांडणार नाही.

शेवटी संधिवाताच्या एका डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, ठिकठिकाणी दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "फायब्रोमायॲल्जिया. दुखणं अगदी खरं आहे. स्नायू आणि सांधे खराब झालेले नाहीत, पण तुमच्या मेंदूला वेदना फार मोठ्या आवाजात ऐकू येतायत. मुळापासून जाईल असं सांगत नाही, पण आटोक्यात राहतं." रात्रीची एक गोळी दिली, झोपेची वेळ बांधून दिली आणि चालायला सांगितलं. रोज, थोडं थोडं. "आणि दमायच्या आधी परत फिरायचं," त्यांनी बजावलं.

मला इतका आनंद झाला की येताना पेढेच घेतले. नाव होतं हो माझ्या दुखण्याला! शेजारच्या काकूंनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "कशाचे?"

"आजाराचे," मी म्हटलं. दुसऱ्या पेढ्यासाठी पुढे आलेला हात त्यांनी मागे घेतला.

नंतर एक सकाळ अशी उगवली की काहीच दुखेना. आणि आम्हा बायकांना अंगात जरा जोर आला की सगळं उरकून टाकल्याशिवाय चैन पडत नाही. मी माळा आवरला, गाद्यांना ऊन दाखवलं, आणि संध्याकाळी हे बाहेर गेलेले पाहून एकटीच थेट पर्वती चढून आले. अशी जिरली म्हणता! पुढचा आठवडा अंथरुणात. हे मऊ भात घेऊन आले आणि म्हणाले, "असू दे, होतं असं." मी उशीत तोंड खुपसून रडले. निदान ओरडायचं तरी!

मग मात्र शहाण्यासारखी सुरुवात केली. यांनाही ओढून नेलं. थोड्याशाच पायऱ्या चढायच्या आणि दम लागायच्या आत वळायचं. रोज भेटणारे एक टोपीवाले आजोबा म्हणाले, "अहो, देव वर असतो!"

"माहितीये," हे म्हणाले. "हलवल्याचं काही कानावर नाही."

हळूहळू निम्म्यापर्यंत मजल गेली. दुखायचं अजूनही, पण झोप लागायला लागली होती. एका सकाळी पाय फारच हलके वाटले. मी म्हटलं, "आज वर जाऊ या."

"नाही. परत फिर."

"बरं वाटतंय मला!"

"मागेही वाटलं होतं! माळा काय, गाद्या काय! अक्कल गहाण ठेवली होतीस? आठवडाभर मऊ भात मी शिजवत होतो."

"तो भात? गिचका होता नुसता!"

"मग गिळलास कशाला?"

आजोबा टोपी सावरत ऐकायला थांबले. मला एकदम हसू फुटलं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "अहो," मी म्हटलं, "आपण भांडतोय!"

हे ओशाळले. मी पायरीवर बसले. म्हटलं, "तुम्ही तरी या वर जाऊन. मी बसते इथे."

हे शेजारी बसले आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायला लागले.

"वर जाऊन भांडू कुणाशी?"