प्रस्थान ठेवल्यानंतरचे चार दिवस

परदेशी जाताना पासपोर्ट कोणी विसरत नाही. कपडेही विसरत नाही. माणूस विसरतो ते चष्म्याच्या नंबरचा कागद, गोळ्यांची डॉक्टरने लिहून दिलेली चिठ्ठी, तिकडच्या भिंतीत बसेल अशी प्लगची पिन, विमानात फॉर्म भरायला खिशात एक पेन. नखं कापायचं कटर हातातल्या पिशवीत नको, हेही विसरतो. इथलं सिमकार्ड चालू ठेवलं नाही तर बँकेचा ओटीपी येत नाही आणि मग तिकडे बसून काहीच करता येत नाही.

माझ्या यादीत अशा एकाहत्तर गोष्टी होत्या. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर मी एकवीस वर्षं सांभाळतो आहे, त्यामुळे यादी करणं हा माझा धंदाही आहे आणि स्वभावही. दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलोची परवानगी. एक बावीस किलो सहाशे भरली, दुसरी बावीस चारशे. मुलगी जर्मनीत असते. तिला नववा महिना लागला होता आणि मी व पत्नी नव्वद दिवसांसाठी तिच्याकडे निघालो होतो. सोमवारी सकाळी दहाला गाडीने नागपूर, तिथून दिल्ली, मग पुढे.

वडील आमच्याकडेच राहतात. वय चौऱ्याऐंशी. एसटीत कंडक्टर होते. कान बरे, पाय थोडे कमी, डोकं साफ. आम्ही नसताना माझी धाकटी बहीण मारेगावहून येऊन त्यांच्याजवळ राहणार होती. त्यांच्यासाठी मी वेगळा कागद केला होता, एकोणीस बाबींचा. सकाळची गोळी उपाशीपोटी, संध्याकाळची जेवल्यावर, इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी टाकायचं, गॅसचा दुसरा सिलिंडर कुठे आहे. काही सुटलं आहे असं मला वाटत नव्हतं.

प्रस्थान ठेवायची कल्पना वडिलांचीच. सोमवार चांगला नव्हता, गुरुवारी सकाळी अकरा वीसचा मुहूर्त होता. अशा वेळी आमच्याकडे जाणाऱ्याच्या अंगावरचा एखादा कपडा, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड एका फडक्यात बांधून मुहूर्तावर शेजाऱ्याच्या घरी ठेवतात. म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. प्रत्यक्ष निघताना ते गाठोडं तिथून उचलायचं आणि पुढे जायचं. साध्या माणसाला पाच दिवसांची मुदत. आमचे चारच होत होते, आणि नवराबायकोत माझा एक सदरा पुरे होता.

शेजारी कोणत्या दिशेचा, यावर थोडा घोळ झाला. जर्मनी वायव्येला आणि नागपूर ईशान्येला.

"गाडी जिकडं तोंड करून सुटते तिकडं," वडील म्हणाले. "शेवटचा स्टॉप नसते पाहत."

ईशान्येला समोरच्या सरांचं घर. सर निवृत्त शिक्षक, माझे जुने मित्र. त्यांच्या घरी बुद्धवंदना होते, मुहूर्त कोणी पाहत नाही. गाठोडं हातात घेऊन ते हसले.

"भाऊ, आमच्यात हे काही नाही. पण तुमचं सामान म्हणून ठेवतो. फ्रीजवर चालते ना?"

मी परत रस्ता ओलांडला तेव्हा वडील ओसरीत खुर्चीवर बसून होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी जवळून गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून मान थोडी लववली. रस्त्यातल्या माणसाला आपण लववतो तशी. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

दुपारी जेवायला बसलो तर ते पत्नीला म्हणाले, "सूनबाई, त्याचं ताट काहून वाढलं?"

"कोणाचं, बाबा?"

"तो तर गेला. अकरा वीसले." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बसा तुम्ही. वाढलंच आहे तर जेवून घ्या."

पत्नी हसली. मीही हसलो. वडिलांना थट्टेची सवय आहे. पण जेवण होईपर्यंत ते मला 'तुम्ही' म्हणत राहिले, भाजी घ्या म्हणाले, ऊन फार आहे म्हणाले, आणि कोणत्या गावचे म्हणून विचारलं.

शुक्रवारी सकाळी पेपर आला नाही. मी चौकशी केली तेव्हा कळलं की बंद करायची तारीख मीच शुक्रवार सांगितली होती. माझी रजाही शुक्रवारपासून होती, त्यामुळे कारखान्यातून एकही फोन आला नाही. एरवी दिवसाला तीस तरी येतात. दूधवाल्याने एक लिटर कमी टाकलं, तेही माझ्याच सांगण्यावरून, चार दिवस आधी. एकेक गोष्ट तपासली तर प्रत्येकीला कारण होतं. तरी त्या दिवशी मी दोनदा मुद्दाम पत्नीला हाक मारली आणि तिने 'ओ' दिल्यावर काही काम सांगितलं नाही.

आमच्या स्टोअरमध्ये एखादी वस्तू रजिस्टरमधून बाहेर गेली की ती गेली. ती समोर काउंटरवर पडलेली असली, तिच्यावर माझा हात असला, तरी विचारणाऱ्याला मी 'शिल्लक नाही' असंच सांगतो. त्यात खोटं नसतं. दुपारी माझ्या चपला दाराजवळ दिसल्या नाहीत. वडिलांनी त्या पुसून, कागदात गुंडाळून, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. आल्यावर लागतील म्हणून.

शनिवारी त्यांना डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब बरा निघाला. डॉक्टरने तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. वडिलांनी दोनवर येऊन थांबेपर्यंत एकही चूक केली नाही. मी मनात सोबत करत होतो, मी चव्वेचाळीसनंतर अडखळलो.

"मुलं किती, आजोबा?"

"दोन. पोरगी मारेगावले देल्ली. पोरगा गुरुवारी परदेशात गेला."

"आणि हे?"

वडिलांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "हे सोबत आले. भले मानूस हायेत. रिक्षात चढतानी हात धरला माह्या."

डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं की या वयात असं होतं, आल्यावर मेंदूची तपासणी करू. मी विचारलं, नव्वद दिवसांनी मला ओळखतील का? ते म्हणाले, सांगता येत नाही. इतर सगळ्यांना ओळखतात आणि मला नाही, हे कसं, हेही त्यांना सांगता आलं नाही.

त्या दुपारी वडील ओसरीत माझ्याशी माझ्याबद्दल बोलत बसले. पत्नी आत चहा करत होती, कपांचा आवाज येत होता. ते म्हणाले, माझा मुलगा फार मोजतो. लहानपणी पायऱ्या मोजायचा, आणि एखादी चुकली तर खाली जाऊन पुन्हा सुरू करायचा. त्याची आई गेली त्या दिवशी त्याने किती माणसं आली ते मोजलं. "मले सांगतलं नाही त्यानं. पन ओठ हालत होते ना त्याचे. म्या पाह्यलं."

हे खरं आहे. एकशे बारा. मी आजपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं.

ते गप्प झाल्यावर मी म्हणालो, "बाबा, मीच आहे."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर कीव होती. "असं नसते म्हनू," ते म्हणाले. "एखाद्यानं ऐकलं तर काय म्हनन?"

रविवारी सकाळी बहीण आली. वडिलांनी तिला लांबूनच ओळखलं, बस किती उशिरा सुटली तेही विचारलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आधी हसली.

"दादा, तुले तर बाबांनी जितेपनी हद्दपार केलं रे! आता माह्या वाटनी वाढली म्हनायची." मग हसणं थांबवून म्हणाली, "ते गाठोडं आन ना वापस. जाताना पाह्यलं त्याईनं, येताना पाहू दे."

"प्रस्थान मोडू नका," पत्नी म्हणाली. "पोरीचे दिवस भरत आले. मी हे मानते असं नाही. पण मोडू नका."

मी दोघींचं ऐकलं आणि हिशोब केला. मुलीकडे नवरा होता, हॉस्पिटल होतं, आम्ही नवा मुहूर्त पाहून दोन दिवस उशिरा गेलो तरी चाललं असतं. वडिलांच्या नजरेतून मी पुसला गेलो तर ते परत भरून येण्यासारखं नव्हतं. मी रस्ता ओलांडून सरांकडे गेलो.

सरांनी फ्रीजवरून गाठोडं काढून दिलं. "जड झालं काय हो हे?" ते सहज म्हणाले. मी हातात तोललं. गुरुवारी मी वजन केलेलं नव्हतं, त्यामुळे काही सांगता आलं नाही. वस्तू वजन न करता दुसऱ्याकडे देण्याची चूक मी नोकरीत कधी केली नाही.

वडील ओसरीतच होते. मी फाटकातून आत आलो आणि गाठोडं त्यांच्यासमोर धरलं. गाठ जरा सैल झाली होती, माझ्या निळ्या सदऱ्याची बाही बाहेर आली होती.

त्यांचा चेहरा मी पुन्हा पाहू इच्छित नाही. ते खुर्चीतून उठले. एरवी त्यांना उठायला आधार लागतो. बाहीला हात लावायला पुढे झाले आणि हात तिथेच हवेत राहिला.

"कुठी झालं?" ते म्हणाले. "कोनं आनले हे कपडे?"

मला कळेना. बहिणीला कळलं, तिने माझा दंड धरला. वडील नोकरीत असताना एकदा वणीहून एका घरी असं कपड्यांचं गाठोडं त्यांच्या बसमधून पाठवलं होतं. राजूरच्या खाणीवर त्या घरचा माणूस दगावला होता. त्या घराच्या दारात उतरून ते वडिलांनी स्वतःच्या हाताने दिलं होतं. पुढे कित्येक वर्षं ते त्या थांब्यावर खाली उतरत नसत.

"सांगा ना," ते मला म्हणाले. "तुमी आनले ना? काय झालं माह्या पोराले?"

मी खोटं बोलत नाही. स्टोअरमध्ये एका नटचा फरक निघाला तरी लिहून ठेवतो. पण त्या वेळी माझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या, खरं बोलणं किंवा त्यांना धीर देणं. मी इथेच आहे असं म्हटलं तर त्यांचा मुलगा मेलेला राहत होता, कारण त्याचे कपडे आले होते आणि समोर उभा असलेला माणूस परका होता.

"काही झालं नाही," मी म्हणालो. "तो सुखरूप आहे. सदरा चुकून राहिला होता. मी तिकडेच चाललो आहे, त्याला देतो."

ते हळूहळू खाली बसले. बहिणीने पाणी दिलं. ते प्यायल्यावर म्हणाले, "असं दाखवत नसते कोनाले. आधी बोलाव, मंग दाखवाव."

"चुकलं माझं," मी म्हणालो, आणि गाठोडं सरांकडे परत ठेवून आलो. त्यानंतर घरात मी पाहुण्यासारखा वागलो. आत जाताना विचारून गेलो. वडील निवांत झाले, रेडिओ ऐकत बसले.

सोमवारी गाडी दारात आली. पत्नीने त्यांच्या पाया पडून घेतलं. तिला ते म्हणाले, "त्याच्या आंगावर गरम कपडे आहेत काय ते पाहजो." मग मी वाकलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, परक्याला ठेवतात तितकाच वेळ. आणि बंडीच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली.

"तुमी तिकडंच जाऊन राह्यले तर एवढं त्याले द्या. ओवा हाय. परकं पानी लागते त्याले. चार वर्षाचा असताना मामाच्या गावी नेलता, आठ दिवस उठला नाही. त्याले आठवत नसन."

मला आठवत नव्हतं. यादीच्या एकाहत्तर बाबींत ते नव्हतं. मी पुडी घेतली आणि "देतो" म्हणालो. सरांच्या दारातून गाठोडं उचललं, गाडीत बसलो. वडिलांनी हात हलवला नाही. फाटक लावून घे असं त्यांनी बहिणीला सांगितलेलं काच खाली असल्यामुळे ऐकू आलं.

इथे जर्मनीत पोचल्यावर मी फोन करायचं टाळत होतो. पत्नी करायची, मी खोलीतून बाहेर जायचो. शुक्रवारी बहिणीने न विचारता व्हिडिओ लावला आणि पत्नीने फोन माझ्या हातात दिला. इथे सकाळचे नऊ, तिथे साडेबारा. वडिलांचा चेहरा पडद्यावर आला. त्यांनी डोळे बारीक केले.

"काय रे? पोचल्याचा फोन नाही करत काय? आठ दिवस झाले!"

माझ्या मोजणीने निघाल्याला चारच झाले होते. त्यांचे आठ गुरुवारपासूनचे, आणि तेही बरोबर होते. मुलगी सोफ्यावर बसून पाहत होती.

"पोट ठीक हाय?" त्यांनी विचारलं. "भेटला काय तो मानूस?"

"भेटला, बाबा. ओवा दिला त्याने."

"चांगला मानूस हाय." ते पडद्याच्या अगदी जवळ आले, इतके की फक्त कपाळ आणि एक डोळा राहिला. तो डोळा माझ्याकडे नव्हता, माझ्या खांद्याच्या मागे पाहत होता. "तोच हाय ना मागं उभा?"

मी वळून पाहिलं. भिंत होती, खिडकी होती, बाहेर दुसऱ्यांची घरं होती. मला लगेच तोंड फिरवता आलं नाही.

"हो," मी म्हणालो. "आहे."

"त्याले जेऊ घाल," वडील म्हणाले. "आपल्या घरी चार दिवस होता. लाजून लाजून जेवला बिचारा, एक दिवस पोटभर नाही."

"घालतो," मी म्हणालो. फोन त्यांनीच बंद केला.