तहसीलदाराच्या अंगावरची गांध

ललिता मेश्रामच्या अंगावर पहिल्यांदा गांधी उठल्या तेव्हा ती हडपसरहून येरवड्याला येणाऱ्या बसमध्ये उभी होती. दांडी धरलेल्या हाताच्या मनगटावर काहीतरी चुरचुरलं. डास असेल म्हणून तिने खाजवलं, तर तिथे आठ आण्याएवढा लाल फुगवटा आला. उतरेपर्यंत कोपरापर्यंत माळ लागली होती आणि घरी येऊन साडी सोडते तो पोट, मांड्या, पाठ, सगळीकडे तेच.

मजल्यावरच्या मुक्ताईंनी दारातूनच निदान केलं. "पित्त उठलंय. आमसुलं भिजत घाल आणि ते पाणी चोळ."

ललिताने चोळलं. सकाळी अंग स्वच्छ होतं, जणू काही झालंच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला परत तोच प्रकार. तिसऱ्या दिवशीही. मग तिने एकेक पदार्थ सोडायला सुरुवात केली. आधी वांगं आणि शेंगदाणे, मग सुकट, मग तुरीची डाळ, मग चहासुद्धा. दोन महिन्यांनी ती भात आणि दुधीच्या भाजीवर आली होती आणि गांधी मात्र रोज नेमाने येत होत्या. हातापायांवर आमसुलाचं पाणी लावता येई. पाठीचं काय करायचं? ती दाराच्या चौकटीला टेकून पाठ घासायची. आपण गोठ्यातल्या म्हशीसारख्या दिसत असू असं तिच्या मनात येई आणि तिला लाज वाटे. वास्तविक बघायला घरात कोणी नव्हतं.

नवरा, आनंद, जाऊन सात वर्षं झाली होती. भंडाऱ्याहून दोघं मिळून पुण्यात आले, तो रामटेकडीला एका कारखान्यात लागला, आणि शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होता. मुलगा धम्मदीप हैदराबादला कंप्युटरच्या कंपनीत. त्याचा फोन रविवारी यायचा. "जेवलीस का? बरी आहेस ना?" "बरी आहे," ती म्हणायची. ते खोटं नव्हतं, कारण रविवारी तो सकाळी फोन करायचा आणि सकाळी तिच्या अंगावर काही नसायचं.

तिची नोकरी हडपसरच्या पुढे, औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत होती. तिथल्या श्वानगृहात ती चौदा वर्षं कुत्री सांभाळत होती. बारा बीगल कुत्री, लांब कानांची, कानाच्या आत नंबर गोंदलेला. पिंजरे धुणं, खाणं मोजून देणं, वजनं घेणं, डॉक्टर सुई टोचतील तेव्हा डोकं धरून उभं राहणं हे तिचं काम. नोंदवहीत नंबरच लिहायचा अशी शिस्त होती, आणि ती नंबरच लिहायची. पण हाक नंबराने कशी मारणार? पायात घोटाळणारी होती तिचं नाव मांजर. खाताना गुरगुरणारा तो सावकार. आणि एक होता ४४७१. हा कधी दाराशी झेपावला नाही. बाकीची अकरा जणं भुंकून छत डोक्यावर घेत, हा मागे बसून राही आणि आपला नंबर आला की सावकाश उठून येई. त्याचं नाव तिने तहसीलदार ठेवलं होतं.

गांधींबद्दल ती संस्थेत अवाक्षर बोलली नाही. कारण साधं होतं. मागे एका मुलीला उंदरांच्या खोलीत काम करून शिंका सुरू झाल्या तेव्हा आठवड्याच्या आत तिला स्टोअरमध्ये हलवलं. ललिताला रोज वाटे की आपल्यालाही कुत्र्यांचीच अ‍ॅलर्जी असणार. केस, लाळ, सगळं दिवसभर अंगावर. म्हणून ती पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालू लागली आणि सहाला सुटायचं ते पावणेसहापासूनच घड्याळ बघू लागली.

गंमत अशी, की त्याच वर्षी श्वानगृहात काम निघालं ते नेमकं गांधींवरच. नव्या आलेल्या डॉक्टर प्रियदर्शनी वाघधरे यांचा तो विषय. माणसाच्या अंगावर वर्षानुवर्षं पित्त का उठतं, आणि तेच कुत्र्याच्या कातडीवर मुद्दाम उठवून बघता येईल का. बाई तिशीच्या, बोलायला मोकळ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ललिताला सगळं समजावून सांगितलं, जे तोवर कुठल्या डॉक्टरांनी केलं नव्हतं.

"कातडीत काही पेशी असतात, ललिताताई. त्यांच्या पोटात हिस्टामिनच्या पुरचुंड्या भरलेल्या. पुरचुंडी फुटली की आजूबाजूच्या बारीक शिरा झिरपतात, तिथे पाणी साठतं, आणि फुगवटा येतो. आपल्यातही तसंच, यांच्यातही तसंच."

तहसीलदाराच्या कुशीवरचे केस कापले गेले. कुत्र्याच्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून आधी पायाच्या शिरेतून एक निळा रंग सोडायचा. मग कुशीवर बारीक सुईने सहा थेंब. एकात नुसतं मिठाचं पाणी, एकात हिस्टामिन, बाकीच्या चारांत पित्ताच्या रोग्यांचं रक्तजल, म्हणजे रक्तातून तांबड्या पेशी काढल्यावर राहणारं पिवळसर पाणी. पंधरा मिनिटं थांबायचं. जिथे शिरा झिरपतील तिथे निळा डाग उमटायचा. त्याच्याभोवती पेनाने गोल काढून पट्टीने मोजायचं.

ललिता पंधरा मिनिटं त्याचं डोकं धरून उभी राही. हिस्टामिनच्या जागी निळी टिकली चढताना तिला दिसे, आणि तिच्या पाठीत नेमकी तशीच जागा चुरचुरू लागे.

श्रावणातल्या एका दिवशी गांधींनी सातची वाट पाहिली नाही. तहसीलदाराचं डोकं तिच्या हातात होतं आणि चार वाजता तिच्या गळ्यावरून हनुवटीपर्यंत फुगवटे चढले. हात सोडता येईना. डॉक्टर पट्टी उचलायला वळल्या आणि थबकल्या.

"ललिताताई, हे कधीपासून?"

"आजच. काहीतरी खाण्यात आलं असेल."

डॉक्टरांनी न विचारता तिची बाही वर केली. तिथे कालच्या खाजवण्याचे ओरखडे होते, परवाचे होते, त्याआधीचे होते.

"किती महिने?"

"सात," ललिता म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला, जो चौदा वर्षांत कुणी ऐकला नव्हता. "मला स्टोअरला पाठवू नका मॅडम. मी सगळं खाणं सोडलंय. होईल कमी. हातमोजे घालीन. पण मला इथून हलवू नका."

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. "मी माणसांची डॉक्टर नाही. पण माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे आपण जाऊ. कुत्र्यांमुळे आहे की नाही, ते आधी कळू तर द्या."

त्वचारोगाच्या डॉक्टरांनी तिच्या हातावर ओळीने थेंब टोचले. कुत्र्याचा केस, धूळ, शेंगदाणा, झुरळ. काहीच उठलं नाही. मग तिचं रक्त काढलं, तासाभराने त्याचं पिवळं पाणी तिच्याच हातात टोचलं. दहा मिनिटांत तिथे बोराएवढी गांध आली.

डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. "शरीर स्वतःच्याच पेशींना शत्रू समजायला लागलंय. कुत्र्यांचा काही दोष नाही. वांग्याचाही नाही. खा तुम्ही."

"म्हणजे बाहेरचं कोणीच नाही?"

"नाही. बाहेरचं कोणी नाही."

खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. नोकरी राहिली होती, वांगं परत मिळालं होतं. पण बस येईपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं. कुत्री असती, डाळ असती, तर निदान कोणाशी तरी वैर होतं असं म्हणता आलं असतं.

पुढच्या खेपेला त्वचारोगाच्या डॉक्टरांनी मोज्यांची, अंतर्वस्त्रांची पट्टी लागते त्या जागांबद्दल सगळं विचारलं, पाठ उघडी करायला सांगितली आणि एकेका गांधीभोवती पेनाने गोल काढले, चोवीस तासांत कुठल्या जातात आणि कुठल्या राहतात ते बघण्यासाठी. पेनाचं टोक गार होतं. आनंद गेल्यावर तिच्या पाठीला कोणाचा हात लागल्याचं तिला आठवत नव्हतं. ती खाली मान घालून बसून राहिली, आणि डॉक्टर "झालं" म्हणाले तेव्हा तिला ते लवकर झाल्यासारखं वाटलं.

गोळ्या सुरू झाल्या. आधी एक, मग दोन, मग चार. गांधी कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. पंधरा दिवसांनी प्रियदर्शनी मॅडमनी तिला कागद वाचून दाखवला. तिचं रक्त अभ्यासासाठी वापरू का? नाव कुठे येणार नाही. 'रुग्ण क्रमांक सात' एवढंच. नाही म्हणालात तरी नोकरीवर काही परिणाम नाही.

"कुठल्या कुत्र्याला टोचणार?"

"४४७१ शांत राहतो. त्यालाच."

"मग डोकं मीच धरीन," ती म्हणाली आणि सही केली.

त्या दिवशी तिने तहसीलदाराला जरा जास्तच गोंजारलं. सुई टोचली गेली. पाच मिनिटं. हिस्टामिनची टिकली चढली. मिठाच्या पाण्याची जागा कोरी. तिची जागा शेवटून दुसरी. दहा मिनिटं झाली तरी तिथे काही नव्हतं, आणि तिला हायसं वाटलं. मग कडेने फिकट निळं दिसू लागलं. वाढलं. शेवटी रुपयाएवढा डाग झाला.

मॅडमचे डोळे चमकले. त्यांनी तीनदा मोजलं, फोटो काढले. "एका कुत्र्यावरून काही सिद्ध होत नाही," त्या स्वतःलाच बजावत होत्या, पण आवाजात आनंद लपत नव्हता.

ललिता त्या डागाकडे बघत होती. "त्याला खाजत असेल ना हो?"

"नाही वाटत. गांध आपल्यासारखीच उठते, पण कुत्र्याला त्याची खाज फारशी येत नसावी. बघा ना, पाय तरी हलवतोय का?"

खरंच हलवत नव्हता. तो तिच्या अंगठ्याला लागलेला खाण्याचा वास चाटत होता. ललिताला बरं वाटलं. आणि त्याचबरोबर, का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं. तिची गांध त्याच्या अंगावर होती आणि त्याला तिच्याबद्दल काही कळलं नव्हतं. कळायला नकोच होतं. तिने स्वतःलाच मनात झापलं.

डिसेंबरात अभ्यास संपला. नियमाप्रमाणे कुत्र्यांना आता घरं शोधायची होती. ललिताने पहिल्याच दिवशी फॉर्म आणला आणि घरी बसून भरला. जागा किती, कितव्या मजल्यावर, घरमालकाची हरकत नाही ना. कांताबाई, तिची घरमालकीण, नाराजीने का होईना, हो म्हणाली होती. मग प्रश्न आला: दिवसा घरात कोण असतं? तिला मुक्ताईंचं नाव लिहिता आलं असतं. पण मुक्ताई कुत्रं दिसलं की रस्ता बदलत. सकाळी सातला ती बाहेर पडणार, संध्याकाळी साडेसातला परत. ज्याने जन्मभर अकरा जणांचा गोंगाट ऐकलाय तो बंद खोलीत साडेबारा तास काय करील? तिने 'कोणी नाही' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फॉर्म दिलाच नाही.

तहसीलदाराला नारायण पेठेतल्या साठे दांपत्याने घेतलं. पोचवायला संस्थेच्या गाडीतून ललिताच गेली. त्याने कधी जिना पाहिला नव्हता. पहिल्या पायरीशी तो नेहमीसारखा मागे बसला. तिने त्याला दोन मजले उचलून नेलं.

ज्ञानदेव साठे दार उघडून म्हणाले, "वेळ अकराची ठरली होती. अकरा वीस झालेत. या." मग कुत्र्याकडे बघून, "नाव काय याचं?"

कागदावर ४४७१ होतं. ललिताने जरा चाचरत सांगितलं, "तहसीलदार."

"अस्सं! बत्तीस वर्षं महसूल खात्यात कारकुनी केली. तहसीलदारासमोर उभं राहण्यात जन्म गेला. आता हा माझ्या सतरंजीवर झोपणार?" ते वळून ओरडले, "अहो, ऐकलंत का? साहेब आलेत!"

त्यांच्या पत्नी द्वारकाबाई हात पुसत आल्या आणि खाली बसल्या. तहसीलदाराने जरा वेळ घेतला, मग त्यांच्या पदराचा वास घेतला. ललिताने सांगायचं ते सांगितलं. पाणी उथळ वाटीतच पितो. ढगांच्या गडगडाटाला घाबरतो. डाव्या कुशीवरचे केस अजून आखूड आहेत, ते येतील. चहा पिऊन ती निघाली तेव्हा तो सतरंजीच्या कोपऱ्यावर झोपला होता. तिने उठवलं नाही.

संक्रांतीनंतर ती एकदा जाऊन आली. त्याने ओळखलं. शेपटी हलवत आला, तिचे हात चाटले, आणि मग जाऊन द्वारकाबाईंच्या पायाशी बसला. साठे म्हणाले, "येत चला अधूनमधून. फोन करून." ती हो म्हणाली. पुन्हा गेली नाही.

उन्हाळ्यापर्यंत गांधी थांबल्या. चारच्या तीन गोळ्या झाल्या, तीनच्या एक, आणि मेमध्ये डॉक्टरांनी तीही बंद केली. का आल्या आणि का गेल्या ते त्यांनाही सांगता येईना. तेव्हा एका रविवारी तिने धम्मदीपला सगळं सांगितलं.

"दीड वर्ष? आई, मला सांगायचं नाही का?"

"तुझा फोन सकाळी यायचा," ती म्हणाली.

त्याला त्याचा अर्थ लागला नसावा. पण त्याने त्याच दिवशी तिकीट काढलं आणि ती आठ दिवसांसाठी हैदराबादला गेली. घर स्वच्छ, उंचावर, खिडकीतून दूरवरचं दिसणारं. मुलगा आणि सून सकाळी आठला जात आणि रात्री येऊन प्रेमाने विचारत, दिवसभर काय केलंस. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "श्वानगृहात नवी बॅच यायची आहे, जायला हवं."

नवी बॅच पुढच्या महिन्यात यायची होती. तोवर तिला उंदरांच्या खोलीत काम दिलं होतं. सोमवारी सकाळी तिने बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, डब्यात वांग्याची भाजी भरली आणि सातची बस पकडली. बसायला जागा मिळाली. हडपसर येईपर्यंत तिला झोप लागली होती, आणि कंडक्टरने हाक मारून उठवलं.