डोमेल डिंगोजचं प्रगतिपुस्तक

नीळकंठ साबळेला आयुष्यात काहीही न मोजता सोडणं जमलं नाही. लग्नाला गेला की पंगतीत पानं किती ते मोजायचा, जिना चढताना पायऱ्या मोजायचा, आणि डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तर सुई किती सेकंद आत होती तेही घरी येऊन सांगायचा. आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत त्याला नोकरीही मोजमापाचीच मिळाली. डोळ्याला न दिसणारी चूक शोधायची आणि जिची असेल त्या टीमला कळवायची, एवढंच काम. अशा माणसाच्या नशिबी खेळ आला तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल. त्यातला चेंडू लांबट असतो आणि जमिनीवर आपटला की कुठे उडेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

हे खूळ मेलबर्नचं. तिथे चार वर्षं नोकरी केली तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी लावलेलं. पुढे आइंडहोव्हनला आल्यावर त्याला डोमेल डिंगोज नावाचा संघ सापडला आणि परक्या गावात बसायला एक ओटा मिळाला. कप्तान डॅरिल हा डच बायकोपाठोपाठ ऑस्ट्रेलियातून आलेला प्लंबर. हार्म हा टपाल वाटणारा, सहा फूट चार इंचांचा स्थानिक. अंबरीशला नीळकंठनेच ऑफिसातून ओढून आणलं होतं. ऑस्ट्रेलियात एका बाजूला अठरा जण खेळतात. इथे एवढी माणसं आणि एवढं मैदान कुठून आणणार, म्हणून नऊ. दहा वर्षांत संघात नवं कुणी आलं नाही, जुनं कुणी गेलं नाही, गुडघेदुखी तेवढी आली. २०१९ साली सरासरी वय सेहेचाळीस झालं आणि डिंगोज सहाच्या सहा सामने हरले. हरल्यावर सगळे मिळून बिअर प्यायचे आणि पुढच्या पराभवाची तारीख ठरवायचे.

मग करोना आला आणि २०२०चा हंगाम गेला. त्या हिवाळ्यात स्पर्धेच्या मंडळाचं पत्र आलं: पुढच्या सप्टेंबरच्या पहिल्या सामन्याला ज्या संघाचे स्वतःचे नऊ खेळाडू मैदानावर नसतील, तो संघ बंद, त्याचे खेळाडू इतरांत वाटून टाकू. बाकीच्यांनी पत्र वाचून सुस्कारे सोडले. नीळकंठ मात्र पेटला. डिंगोज गेले तर या देशात त्याला नावाने हाक मारणारं ऑफिसबाहेर कोणी उरत नव्हतं, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

त्याने जुन्या सामन्यांचे व्हिडिओ काढले आणि तीन आठवडे आकडे मांडले. निष्कर्ष खरोखर हुशारीचा होता, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. या खेळात निदान पंधरा मीटरवरून मारलेला चेंडू जमिनीला लागायच्या आत स्वच्छ झेलला की त्याला ‘मार्क’ म्हणतात. मार्क झाला की प्रतिस्पर्ध्याला थांबावं लागतं आणि झेलणाऱ्याला निवांत पुढची लाथ मारता येते. नीळकंठने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की पळण्यात आपण पोरांना हरवू शकत नाही, तर पळूच नका. छोटी लाथ, मार्क, थांबा. पुन्हा छोटी लाथ, मार्क, थांबा. पोरं पायात वारं भरून उभी राहतील आणि चेंडू आपल्याकडे म्हाताऱ्यासारखा रमतगमत पुढे जाईल. डॅरिलने कळवलं, “मेट, वीस वर्षांत ऐकलेली ही पहिली अक्कल.”

सरकारचे नियमही जणू याच कामाला लागले होते. मोठ्यांनी मैदानावर दोघादोघांनीच यायचं, दीड मीटर लांब राहायचं. लाथ मारायला आणि झेलायला दोघेच लागतात. मार्चमध्ये सव्वीस वर्षांपर्यंतच्यांना एकत्र खेळायची परवानगी मिळाली, सत्तावीसच्या पुढच्यांना नाही. शेजारच्या मैदानावर पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि डिंगोज जोड्याजोड्यांनी लांब उभे राहून झेल घेत होते. आपल्याला नेमकं हेच हवंय, असं नीळकंठ सगळ्यांना सांगत होता.

इथवर सगळं ठीक होतं. पण मार्क हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडला की त्याला फक्त झेल ऐकू येत नाही. प्रत्येकाला पन्नास चेंडू, प्रत्येक स्वच्छ झेलाला दोन गुण, एकूण शंभर. रविवारी संध्याकाळी तक्ता ग्रुपवर. नावं गुणानुक्रमे. साठच्या खाली लाल रंग. आणि शेवटच्या रकान्यात शेरा! कराडच्या शाळेत त्याच्या प्रगतिपुस्तकावर मास्तर लिहायचे तसाच, फक्त इंग्रजीत. डॅरिल, अठ्ठावन्न: प्रगती समाधानकारक, डाव्या हाताकडे लक्ष द्यावे. अंबरीश, बेचाळीस: क्षमता आहे, परंतु प्रयत्न कमी पडतात.

सुचित्राने, त्याच्या बायकोने, तक्ता पाहिला आणि कपाळाला हात लावला. “अरे, ही पन्नाशीची माणसं आहेत. शेरे काय लिहितोस?”

“न लिहून कसं चालेल? कुठे सुधारायचं ते कळायला नको?”

“त्यांना सुधारायचंय असं तुला कोणी सांगितलं?”

पंधरा वर्षांची अवनी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “पप्पा, इट्स अ हॉबी.”

नीळकंठला वाटलं, या दोघींना खेळातलं काय कळतंय.

हार्मला साठ पडले तेव्हा तो खूष झाला होता. “झेस!” म्हणाला, म्हणजे सहा. डच शाळेत गुण दहापैकी देतात आणि सहा मिळाले की मूल शिट्टी वाजवत घरी येतं. नीळकंठच्या घरी पंच्याऐंशीला जेवण गप्प व्हायचं. त्याने हार्मला समजावलं की सहा हा आकडा थांबण्याचा नाही. हार्म हसला आणि गेला.

एप्रिलमध्ये हार्मची आई वृद्धाश्रमात करोनाने गेली. अंत्यविधीला पन्नासच्या वर माणसं नको असा नियम होता, त्यामुळे डिंगोजपैकी कोणी गेलं नाही. चार दिवसांनी हार्म मैदानावर आला. आईचं सांगितलं, काचेबाहेरून निरोप घेतल्याचं सांगितलं. नीळकंठला खरंच वाईट वाटलं. त्याने सॉरी म्हटलं, आणि दीड मीटरच्या पलीकडे काय करावं ते न सुचून चेंडू उचलला. माणसाचं मन रमेल, असं त्याला वाटलं. पन्नासपैकी हार्मने अकरा झेलले. काही चेंडू तर तो नुसते येताना बघत राहिला.

घरी येऊन नीळकंठ बराच वेळ तक्त्यासमोर बसला. सवलत द्यावी का? पण सवलतीचे गुण म्हणजे भीक, आणि हार्मसारख्या माणसाला भीक घालायची? त्याने प्रामाणिकपणे बावीस लिहिले. शेराही प्रामाणिकच लिहिला: एकाग्रता नाही. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तो असा.

त्या रविवारी ग्रुपवर नेहमीसारखा अंगठा कोणी टाकला नाही. पुढच्या आठवड्यात हार्मचा गुडघा दुखू लागला. मग एकाची पाठ धरली, एकाचं घराचं काम निघालं, अंबरीशची रविवारी ऑफिसची मीटिंग पडू लागली. नीळकंठने सगळी कारणं खरी मानली आणि दुखण्यांसाठी तक्त्यात वेगळा रकाना केला. उरलेल्यांचे आकडे चढतच होते. जूनमध्ये डॅरिल चौऱ्याहत्तरवर गेला. नीळकंठ स्वतः ब्याण्णव. घोडामैदान जवळ आलं होतं आणि त्याच्या हिशेबाने डिंगोज कधी नव्हे ते जिंकणार होते.

सप्टेंबरचा पहिला शनिवार. सामना लायडनच्या विद्यार्थ्यांच्या नव्या संघाशी. पोरं तासभर आधी येऊन पळत होती. डिंगोजचे चौघे आले, नीळकंठ पाचवा. दोन वाजेपर्यंत तो फाटकाकडे बघत उभा होता. लायडनच्या कप्तानाने भल्या मनाने आपली चार पोरं द्यायची तयारी दाखवली, पण नियम स्वतःच्या नऊंचा होता. पंचाने घड्याळ पाहिलं, वहीत सही घेतली आणि डोमेल डिंगोज नावाचा संघ संपला. एक लाथही न मारता.

“आपण जिंकलो असतो,” नीळकंठ म्हणाला. “सरासरी एकोणसत्तर आहे आपली.”

डॅरिलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बॅग उचलली आणि तो निघून गेला.

दोन आठवड्यांनी ऑफिसच्या सायकलतळावर अंबरीश भेटला. रविवारच्या मीटिंगांचा शीण वगैरे काही दिसत नव्हता.

“नीळू, तुला कुठून तरी कळणारच, म्हणून मीच सांगतो,” तो म्हणाला. “रविवारी अकराला आम्ही गेनेपर पार्कात जमतो. मे महिन्यापासून.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“सगळेच रे. आता डॅरिलपण.”

“मग सामन्याला का नाही आलात? नऊ जण होतो आपण! संघ वाचला असता!”

“संघ आहेच की. फक्त नाव गेलं.” अंबरीश कुलपाशी उगाच चाळा करत राहिला. “हार्म म्हणाला होता की जिथे तो तक्ता असेल तिथे मी पाय ठेवणार नाही. मग आम्हीपण... तू ये ना रविवारी. हार्मशी बोललोय मी, त्याची हरकत नाही. फक्त काही लिहू नकोस. मोजू नकोस.”

नीळकंठ शनिवारी झोपला नाही. त्याला हार्मची माफी मागायची होती, आणि ती कोणत्या भाषेत मागावी इथपासून त्याने विचार केला. मोबाइल मुद्दाम घरी ठेवून तो सायकलवर निघाला.

पार्कात आठ जण गोल करून उभे होते. चेंडू कोणीही कोणाकडेही मारत होतं. डॅरिल पोटावर झेलायला गेला आणि आडवा झाला, तर सगळे खिदळले. हार्मने मोठ्याने काहीतरी डच शिवी हासडली आणि स्वतःच हसत सुटला. इतका हसताना नीळकंठने त्याला वर्षभरात पाहिला नव्हता. अंबरीशने लांबून ओळखलं आणि हात हलवला. हार्मनेही वळून पाहिलं, क्षणभर थांबला, आणि त्यानेही हात वर केला.

नीळकंठ सायकलवरून उतरला. त्याने ठरवलं होतं तसं हार्मकडे जायला पाऊल उचललं. तेवढ्यात चेंडू हार्मच्या छातीवर आला आणि निसटला. पुन्हा आला, पुन्हा निसटला. तिसरा झेलला, चौथा सुटला.

चारपैकी एक. म्हणजे पंचवीस.

नीळकंठ जागीच थांबला. त्याने डोळे मिटून घेतले. चेंडूवर पाय बसल्याचा आवाज आला, मग गवतावर पडल्याचा, आणि मिटल्या डोळ्यांआडही आकडा वीसवर उतरला. त्याला आतून रडू फुटलं. हे लोक त्याला परत घ्यायला तयार होते आणि त्याच्याजवळ त्यांच्यात नेण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा हार्मने पुन्हा हात वर केला होता. नीळकंठने त्याला हात केला, सायकल वळवली आणि तो घराकडे निघाला.